खांबेट्यांची अडकलेली सीट

"बाबा, तुम्ही गाडी बसून चालवता की झोपून?"

हा प्रश्न सुरुचीच्या डोक्यातून निघालेला नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. तो निघाला नम्रता आणि सृष्टी या दोघी मैत्रिणींच्या डोक्यांतून, शाळेसमोरच्या दाबेलीच्या गाडीवर. तो घरी जाऊन विचारायची सुरुचीची हिंमत आहे की नाही, यावर दोन दाबेल्यांची पैज लागली. एरवी सुरुचीनं असल्या पैजेकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण दहावीत आल्याआल्या तिला आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळाली होती, आणि ढाल मिळाल्यापासून जगात न विचारलेला एकही प्रश्न शिल्लक राहू नये असं तिला मनापासून वाटायचं.

शिवाय प्रश्नात तथ्य होतंच. श्यामसुंदर खांबेटे, म्हणजे तिचे बाबा, उंचीनं बेताचे. गाडी मात्र सहा फुटांवरच्या माणसाच्या मापाची. चाकणकडच्या एका कारखान्यात आलेला जर्मन इंजिनिअर परत मायदेशी निघाला, तेव्हा त्यानं आपली नव्वद सालची जुनी गाडी बाबांच्या गळ्यात मारली, आणि बाबांनी तिच्या गळ्यात अशा हौसेनं हार घातला की बघणाऱ्याला लग्नच वाटावं. त्या गाडीत ड्रायव्हरची सीट विजेवर चालायची. कडेचा खटका दाबला की सीट पुढे, उलटा दाबला की मागे. कर्वेनगरच्या त्यांच्या सोसायटीत एवढं श्रीमंत फर्निचर कोणाच्या दिवाणखान्यातही नव्हतं.

आणि दसऱ्याला गाडीची पूजा झाली त्याच दिवशी ती सीट अडकली. कुठे अडकावी? तर पार मागे, जर्मन माणसाच्या मापाला. बाबांनी खटका दाबदाबून मऊ केला. सीट आतल्या आत नुसती कण्हायची. मग आईनं, म्हणजे मंदाकिनीबाईंनी, खाली काय अडकलंय ते बघायला लाटणं घालून ढोसलं, तेव्हापासून कण्हणंही बंद पडलं.

तेव्हापासून बाबा पाठीमागे एक लोड, त्यावर एक उशी, आणि कमरेशी आईची जुनी शाल असा थाट करून गाडी चालवत. बाहेरून बघणाऱ्याला स्टिअरिंग धरलेले दोन हात आणि वर थोडंसं टक्कल दिसे. सिग्नलला शेजारचे रिक्षावाले वाकून वाकून आत बघत.

तर सुरुचीनं रात्रीच्या जेवणाला, आमटीची वाटी पुढे सरकवता सरकवता, तो प्रश्न विचारला. वक्तृत्वातल्यासारखाच, योग्य जागी थांबून. आईला ठसका लागला. सुरुची स्वतःही हसली.

बाबा हसले नाहीत. त्यांनी भातावर आमटी घेतली, कालवली, एक घास खाल्ला आणि शांतपणे म्हणाले, "रविवारी एक एजंट बघायला येतोय. देऊन टाकतो गाडी. लोकांची करमणूक पुष्कळ झाली."

पैजेच्या दोन्ही दाबेल्या सुरुचीला तिथल्या तिथे नकोशा झाल्या. बाबांनी आयुष्यात स्वतःसाठी हट्टानं घेतलेली ही एकच वस्तू. वीस वर्षं त्यांनी बँकेत दुसऱ्यांच्या गाड्यांची कर्जं मंजूर केली. ही गाडी दारात आली त्या दिवशी ते खाली उतरून तीनदा तिला नुसतं बघून आले होते. आणि ती आता जाणार होती, तेही आपल्या तोंडामुळे!

मग तिनं ठरवलं. सीट दुरुस्त करायची. रविवारच्या आत. कोणाला न सांगता. तिला विज्ञानात पैकीच्या पैकी मिळायला फक्त एक मार्क कमी पडला होता, तोही आकृतीला नाव न दिल्यामुळे. जर्मन माणसानं बनवलेली खुर्ची आपल्याला सरकवता येणार नाही, म्हणजे काय!

पहिली पायरी म्हणजे तज्ज्ञांचा सल्ला. नाना पेठेत जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं एक दुकान होतं, त्याचा नंबर तिनं मिळवला. पण घरून फोन करावा तर बाबा पेपर घेऊन फोनशेजारीच. म्हणून ती गेली समोरच्या दुर्गाबाईंकडे.

दुर्गाबाई आणि हिंमतराव मूळचे अमरावतीकडचे. मुलगा आनंद कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला, दोन हजार साल उजाडताना जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडू नयेत म्हणून दिवसरात्र कामाला जुंपला गेला, आणि त्याच्या जेवणाखाण्याचे हाल नकोत म्हणून हे दोघं पुण्यात आले. हिंमतराव जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. पुण्यात त्यांना एकच दुःख होतं. इथे कोणी कोणाला काम सांगत नाही. गावाकडे रोज दहा माणसं ओळख काढून दारात यायची. इथे सहा महिन्यांत शेजाऱ्यानं साधं दाखल्याचं कामसुद्धा आणलं नव्हतं.

दुर्गाबाई स्वयंपाकघरात पातोडीचा रस्सा करत होत्या. सुरुचीनं हॉलमधून फोन लावला. दुकानदारानं गाडीचं नाव ऐकून आधी, ही घेताना आम्हाला विचारलं होतं का, असं विचारून घेतलं आणि मगच दुखणं ऐकायची तयारी दाखवली. सुरुचीचा आवाज ढालविजेता असल्यामुळे स्वयंपाकघरात तिची बाजू स्वच्छ ऐकू जात होती. ती अशी:

"हो, पॉवर सीट. अडकलीय हो... नाही, पुढे नाही आणि मागे नाही... बाबा म्हणतात, यात आता पैसे घालायचे नाहीत, दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकू... कनेक्शन? तेच तर नाहीये ना! कनेक्शन असतं तर आत्तापर्यंत सरकली नसती का?... खालून कोणीतरी जोर लावायला हवा म्हणता?... बरं. बघते. थँक्यू काका."

दुर्गाबाईंचा डाव रश्श्यातच थांबला. सीट या शब्दाचा त्यांच्या घराला माहीत असलेला अर्थ एकच होता. आनंदच्या इंजिनिअरिंगच्या वेळी फ्री सीट की पेमेंट सीट, या एका वाक्यावर ते घर अख्खा उन्हाळा जेवलं होतं. आणि ही तर पॉवर सीट! म्हणजे पेमेंटच्याही वरची. पैशानं भागत नाही, पॉवर लागते, अशी.

सुरुची गेल्याबरोबर त्या हिंमतरावांकडे गेल्या. "अहो, खांबेट्याईच्या पोरीची सीट अटकली. आतापासूनच! परीक्षा तं मार्चात हाय. बाप म्हणते, पैसे नाही घालत, देऊन टाकू दुसऱ्याले."

हिंमतराव आरामखुर्चीतून उठले ते वीस वर्षांनी तरुण होऊन. "मंग आपण काहून बसलो इथं?" म्हणाले, आणि त्यांनी डायरीशिवाय पाठ असलेला एक नंबर फिरवला. नंबर होता दशरथचा. दशरथ त्यांच्याच तालुक्यातला. आता मांजरी गावाच्या पुढे उसाच्या फडाला लागून कोणीतरी नवं कॉलेज काढलं होतं, तिथे तो कुठल्याही खुर्चीवर बसत नसे, पण कोणी कुठल्या खुर्चीवर बसायचं हे त्याला विचारल्याशिवाय ठरत नसे म्हणे.

हे सगळं सुरुचीला नंतर कळलं. रविवारी सकाळी तिला एवढंच माहीत होतं की एजंट दहाला येणार आणि आपल्या हातात दोन तास आहेत. ती अभ्यासाला जाते असं सांगून घराबाहेर पडली आणि गाडीच्या मागच्या सीटपुढच्या खाचेत पालथी झोपली. सोबत टॉर्च, पेचकस, आईची विणायची सुई आणि मशीनच्या तेलाची बाटली. हे सगळं पिशवीत भरताना आईनं बघितलं होतं. तिनं फक्त जाताना जुना टॉवेल हातात दिला.

सीटखाली दोन रूळ होते. डावा स्वच्छ. उजव्यात टॉर्च मारला तर काहीतरी गोल, तांबडं-पिवळं बसलेलं. तिनं विणायच्या सुईनं टोचलं, तेल सोडलं, परत टोचलं. बऱ्याच मिनतवारीनं ते टुणकन उडून तिच्या कपाळावर आपटलं.

सुपारी! हळदकुंकवानं माखलेली, अक्षता चिकटलेली सुपारी. सुरुचीला दसरा आठवला. गुरुजींनी सीटवर विड्याचं पान ठेवून त्यावर सुपारीचा गणपती मांडला होता. पूजा संपल्यावर बाबांना राहवलं नाही. गुरुजी, ही खुर्ची कशी चालते बघा, म्हणून त्यांनी खटका दाबला. सीट मागे गेली आणि गणपती नाहीसा झाला. तो इथे उतरला होता. विसर्जन न झाल्यामुळे बसला होता ठाण मांडून, गाडीचं विघ्न स्वतःच होऊन!

तिनं सुपारी कपाळाला लावून खिशात टाकली. एक दुखणं गेलं. पण दुकानदारकाका म्हणाले होते की मोटरचा आवाजच नसेल तर वायर बघा. तिनं टॉर्च आणखी आत घातला. मोटरच्या पुढ्यात एक पांढरा प्लग गळ्यातून सुटलेल्या लॉकेटसारखा लोंबत होता. त्याच्या शेजारी चक्क लाटण्याची वाटोळी खूण!

ती हात लांब करून प्लगपर्यंत पोचतेय, तेवढ्यात बाहेर आवाज आले. हिंमतराव होते, आणि त्यांच्यासोबत कोणीतरी जाडजूड. काळा चष्मा, बोटांत अंगठ्या, हातात गाडीच्या किल्ल्या फिरवत असलेलं. बाबा बदामाच्या झाडाखाली वाट बघत उभेच होते.

"हे दशरथराव," हिंमतराव म्हणाले. "सीटच्या कामासाठी आले."

बाबांनी ओळखलं की हाच एजंट. फाटकाशी हिंमतरावांना भेटला असणार. सुरुचीनंही तेच ओळखलं आणि श्वास रोखून धरला.

"अडचण समजली," दशरथ गंभीरपणे म्हणाला. "कितीची आहे?"

"नव्वदची," बाबा म्हणाले.

दशरथनं चष्मा काढला. "नव्वद? नव्वद असून सीट अडकली?"

"नव्वदच्याच अडकतात, असं म्हणतात. बाकी खोट काढायला जागा नाही. दिसायला उत्तम. आवाज नाही, धूर नाही."

"वा. घरचे संस्कार. आणि भाषा?"

"भाषा म्हणजे?" बाबा गोंधळले. "आधी नऊ वर्षं जर्मनकडे होती."

"म्हणजे जर्मन पक्कं असेल. स्कोरिंग आहे ते."

"सगळं जर्मनच आहे हो तिचं. आपलं काहीच नाही. खर्चिक आहे, ते मात्र लपवत नाही तुमच्यापासून."

"मुली असतातच," दशरथ म्हणाला. पण हे वाक्य तो किल्ल्या खिशात घालताना पुटपुटला, आणि बाबा तेव्हा गाडीकडे बघत होते. मग त्यानं आवाज खाली आणला. "एक विचारू का, साहेब? तुमच्या मनातून तिला घरापासून लांब द्यायची आहे ना?"

गाडीच्या छपरावर बदामाचं एक वाळकं पान पडलं होतं, ते बाबांनी उचललं. "खरं सांगू? नाही द्यायची. रोज सकाळी खाली येऊन तिच्याकडे बघितलं की बरं वाटतं. पण तिच्यामुळे चारचौघांत हसं होतं माझं. आता घरातही व्हायला लागलंय."

मागच्या खाचेत सुरुचीच्या डोळ्यांत पाणी आलं. टॉर्चच्या उजेडात प्लग दोन-दोन दिसायला लागले.

"कोणत्या बापाला द्यावीशी वाटते?" दशरथचाही आवाज जड झाला. "काळजी करू नका. सीट मी मोकळी करून देतो. बसून बोलू."

"बसा ना," म्हणत बाबांनी ड्रायव्हरकडचं दार उघडलं. दशरथला यात काही वावगं वाटलं नाही. असले व्यवहार बंद गाडीतच होतात, हा त्याचा पिढीजात अनुभव. तो आत बसला. सीट इतकी मागे होती की एवढा मोठा माणूसही त्यात सुखानं मावला.

"कडेचा तो खटका दाबून बघा," बाबा बाहेरून म्हणाले. "काही होणार नाही."

दशरथनं दाबला. त्याच क्षणी खाली सुरुचीनं प्लग बसवला. टच्च!

आणि झालं!

सीट निघाली. झटक्यात नाही. रोडरोलर जसा समोर कोण आहे याची फिकीर न करता येतो, तशी. गुंऽऽ करत, सावकाश, जर्मन शिस्तीत. दशरथ आधी कौतुकानं हसला. मग त्याचे गुडघे वर आले. मग त्यानं खटका सोडला. पण दोन महिने बाबांनी दाबदाबून मऊ केलेला तो खटका आतच बसून राहिला. मग त्याचं पोट स्टिअरिंगला भेटलं, भेटीचं आलिंगन झालं, आणि हॉर्न वाजायला लागला.

पोंऽऽऽऽऽ!

सुरुचीनं प्लग उपटला. सीट थांबली, पण जिथे होती तिथेच. हॉर्न काही थांबेना, कारण पोट कुठे जाणार? बाबांनी एक हात धरून ओढलं, हिंमतरावांनी दुसरा. दशरथ बाटलीच्या बुचासारखा घट्ट. गॅलऱ्या भरल्या. दुर्गाबाई वरून ओरडून विचारत होत्या की सीट मिळाली का, आणि हिंमतराव खालून कळवत होते, "बाप्पा, सीट सोडवाले आणला त्याले, आन् सीटनंच धरला!"

"सीट नको," दशरथ आतून म्हणत होता. "सीट राहू द्या. मला सोडा."

याच सुमाराला फाटकात एक स्कूटर थांबली. ठोठो बोंबलणारी गाडी, काचेला चिकटलेला एक गाल, आणि दोन माणसांची चाललेली रस्सीखेच, एवढं बघून स्कूटर जागच्या जागी वळली आणि निघून गेली. तो खरा एजंट होता. हेही नंतर कळलं.

मागच्या खाचेतून सुरुचीचं डोकं वर आलं. नाकावर तेल, केसांत कोळ्याचं जाळं.

"तू अभ्यासाला गेली होतीस ना?" हॉर्नच्या वर आवाज चढवून बाबांनी विचारलं.

"तोच करतेय!" ती ओरडली. आणि ते खोटं नव्हतं. खटका उलटा फिरत नव्हता, म्हणजे सीट मागे नेणारी वीज येणार कुठून? इतक्यात हॉर्नचा आवाज बसायला लागला. पोंऽऽचं पुंऽऽ झालं. बॅटरी चालली होती! ती संपली की दशरथकाका सोमवारपर्यंत इथेच. सुरुचीनं डोळे मिटले. विज्ञान, भाग एक, विद्युत मोटर. विद्युतधारेची दिशा बदलली की मोटरची फिरण्याची दिशा बदलते. या वाक्याखाली तिनं लाल पेननं दोनदा रेघ मारली होती, पण ते खरं असेल असं तिच्या कधी मनात आलं नव्हतं!

तिनं केसांतल्या दोन पिना काढल्या. प्लगमध्ये दोन जाड वायरी. लालचं काळ्याला, काळ्याचं लालला. एक पिन पडली, परत सापडली. मग तिनं, जे असेल ते होवो म्हणून, दोन्ही टोकं टेकवली.

गुंऽऽ.

सीट मागे निघाली. हॉर्न थांबला. सोसायटीत इतकी शांतता झाली की दुर्गाबाईंचा रस्सा उतू गेलेला खालपर्यंत ऐकू आला.

दशरथ बाहेर आला, शर्टावर स्टिअरिंगचं वर्तुळ घेऊन. त्यानं हात जोडले. "साहेब, तुमच्या नव्वदच्या मुलीला कुठंही प्रवेश मिळेल. आमच्याकडे नको."

"मुलीला?" बाबा म्हणाले. "प्रवेश? अहो, नव्वदची गाडी आहे."

सगळ्यांनी हिंमतरावांकडे बघितलं. हिंमतरावांनी गॅलरीकडे बघितलं. गॅलरीत आता कोणी नव्हतं. पुढचा उलगडा व्हायला फार वेळ लागला नाही. झाल्यावर बाबा आधी गाडीच्या बॉनेटला टेकले, आणि मग इतके हसले की त्यांचा चष्मा निघून हातात आला. दसऱ्यानंतर पहिल्यांदाच. दशरथला पातोडीच्या जेवणासाठी वर नेण्यात आलं. तो गेला, पण बसताना साधी लाकडी खुर्ची मागितली.

मग बाबांनी लोड काढला, उशी काढली, शाल आईकडे दिली. सीटवर बसले. बराच वेळ खाली राहून सुरुचीनं पिनांच्या जागी वायरी पक्क्या पिळल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली, आणि मऊ खटका पेचकसनं उचकटून वर आणला.

बाबांनी पुढे दाबलं. सीट मागे गेली. त्यांनी मागे दाबलं. सीट गुपचूप पुढे आली, आणखी पुढे, आणि त्यांचे दोन्ही पाय पेडलवर सपाट टेकले. बाबांनी पायांकडे बघितलं, स्टिअरिंगकडे बघितलं, समोरच्या काचेतून सरळ समोर बघितलं. पहिल्यांदाच त्यांना गाडीचं नाक दिसत होतं.

"उलटं झालंय जरा," सुरुची म्हणाली. "पण सरकतंय ना?"

बाबा उठले. वर गेले, कागदाची पट्टी आणि गोंद घेऊन आले, आणि खटक्याच्या वर बारीक सुबक अक्षरांत लिहून चिकटवलं: 'पुढे जावयाचे असल्यास मागे दाबावे. कारण विचारू नये.'

मग तिघंजण कर्वेनगरात एक फेरी मारून आले. आई पुढे, सुरुची मागे. बॅटरी उतरत आल्यामुळे गाडीला मात्र आधी हिंमतरावांनी धक्का दिला, आणि काम मिळाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. परत आल्यावर बाबांनी इंजिन बंद केलं, तरी किल्ली काढेनात. आईनं हळूच विचारलं, की त्या एजंटला परत फोन करायचा आहे का.

बाबांनी आरशातून मागे बघितलं. सुरुचीनं घसा साफ केला, योग्य जागी थांबली, आणि जाहीर केलं:

"गाडी विकायची नाही, हे माझं ठरलंय. दुरुस्ती मी स्वतः केलीय, त्यामुळे मला शंभर टक्के खात्री आहे. आणि दहावीनंतर मी कुठल्या सीटवर बसायचं, तेही मीच ठरवणार, हिंमतकाकांना सांगून ठेवा." मग तिनं आपले गुडघे आणि बाबांच्या सीटची पाठ यांमधलं अंतर वितीनं मापलं, दार उघडलं, आणि पलीकडे आईच्या मागे जाऊन बसली. "गाडीत मात्र आजपासून मी बाबांच्या मागे बसणार नाही."